एकच आकडा लिहा

काल मुलीच्या वहीत लाल फुली आली. तिच्या नव्हे, माझ्या उत्तराला. प्रश्न होता, ‘पृथ्वीपासून मंगळ किती अंतरावर आहे?’ आणि पुढे इतकी आखूड रेघ, की तिच्यावर नुसता ‘मंगळ’ लिहायचा तरी दाटीवाटी व्हावी. तरी मी बारीक अक्षरात बसवलं होतं : ‘सुमारे साडेपाच ते चाळीस कोटी कि.मी., तारीख कोणती त्यावर.’ फुलीशेजारी बाईंचा शेरा : ‘एकच आकडा लिहा. २२.५ कोटी.’

हे मी मुकाट गिळलंही असतं. पण नेमके तेव्हाच शेजारचे काका पेपर परत द्यायला आले होते, आणि काका एकदा पेपर परत द्यायला आले की तासभर देतच असतात.

“बाईंचं बरोबर आहे,” वही डोळ्यांजवळ धरत ते म्हणाले. “अंतर म्हणजे अंतर. तुमच्या-आमच्या दारांतलं अंतर बदलतं का कधी?”

“दारं फिरत नाहीत, काका.”

“फिरेनात का. दोघं एकाच सूर्याभोवती फिरतात ना? एकाच दिशेने?”

“हो, पण पृथ्वीची फेरी ३६५ दिवसांची, मंगळाची ६८७ दिवसांची.”

“मग त्याला म्हणावं, पाय उचल जरा.”

शेवटी टेबलावर पेपरवेटचा सूर्य मांडला. खोडरबराची पृथ्वी माझ्याकडे आणि मंगळ म्हणून काकांच्या चष्म्याचं घर त्यांच्याच हातात. काका सुसाट सुटले.

“सावकाश! तुमची एक फेरी होईपर्यंत माझ्या जवळजवळ दोन व्हायला हव्यात.”

“वयाने मी मोठा, आणि मागे मीच राहायचं?”

कुरकुरत का होईना, राहिले. खोडरबर चष्म्याच्या घराला ओलांडून पुढे निघालं तेव्हा मी त्यांना खाली वाकून खोडरबराच्या पातळीवरून बघायला लावलं. मंगळ मागे मागे सरकताना दिसला.

“हा उलटा का चालला? मी तर पुढेच ढकलतोय!”

“तुम्ही पुढेच आहात. मी तुम्हाला ओलांडतोय म्हणून माझ्याकडून तसं दिसतं. यालाच वक्री म्हणतात. आणि याच सुमारास मंगळ आपल्या सर्वांत जवळ असतो.”

काका सरळ झाले. बराच वेळ चष्म्याच्या घराकडे बघत राहिले. “म्हणजे बिचारा इतकी वर्षं सरळच चालत होता,” ते म्हणाले, “आणि आम्ही त्याला वक्री म्हणत होतो.” त्यांचा गळा खरंच दाटला होता. माझ्या फुलीबद्दल मात्र कुणाचाही गळा दाटला नव्हता.

“मग असा जवळ आला की मोजा आणि तोच आकडा लिहा.”

“तो येतो साधारण ७८० दिवसांनी. आणि दर वेळी तेवढाच जवळ येत नाही. २००३च्या ऑगस्टमध्ये ५.५८ कोटींवर होता, २०२५च्या जानेवारीत ९.६ कोटींवर. कक्षा लंबवर्तुळ आहे ना.”

“जवळ येण्यातही शिस्त नाही म्हणायची.” सहानुभूती संपली.

रात्री मी हट्टाने हिशेबाला बसलो. वरवर सोपं आहे. सूर्य, पृथ्वी, मंगळ हा त्रिकोण. दोन बाजू आणि मधला कोन मिळाला की कोसाइनच्या सूत्राने तिसरी बाजू. घोडं अडतं ते कोनापाशी. लंबवर्तुळ केप्लरने १६०९ साली मांडून ठेवलं, पण अमुक तारखेला ग्रह त्यावर कुठे असेल हे सांगणारं त्याचं समीकरण थेट सुटतच नाही. अंदाज करा, चूक काढा, पुन्हा अंदाज करा. घरखर्चाचा हिशेबही मी असाच करतो, त्यामुळे सवय होती.

त्यात बाईंचा आकडा कुठून आला असावा तेही उमगलं. कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर, बेरीज भागिले दोन. पण कक्षा ढोबळमानाने गोल धरल्या तर कमीत कमी म्हणजे मंगळाच्या कक्षेची त्रिज्या वजा पृथ्वीची, आणि जास्तीत जास्त म्हणजे अधिक पृथ्वीची. बेरजेत पृथ्वी सरळ कटते! उरतं मंगळाचं सूर्यापासूनचं अंतर, २२.८ कोटी. म्हणजे पृथ्वीपासूनचं अंतर विचारायचं, उत्तरातून पृथ्वीच उडवायची, आणि फुली कुणाला, तर मला. रोजच्या रोज मोजून खरी सरासरी काढली तर ती २५ कोटींच्या आसपास जाते, कारण मंगळ जवळ थोडेच दिवस असतो, लांब पुष्कळ. हे सगळं मी एका चिठ्ठीत मुद्देसूद लिहिलं.

“बाबा, चिठ्ठी नको,” मुलगी म्हणाली. “पुढचा शुक्र आहे. तो मी आईला विचारणार आहे.”

आज सकाळी बेल वाजली. दारात काका. “आज किती?”

मी आकडा सांगितला. वर हेही सांगितलं, की कधी कधी हे अंतर एका दिवसात दहा लाख किलोमीटरहूनही जास्त बदलतं, म्हणजे इथून चंद्रापर्यंतच्या अडीचपटीहून अधिक.

“मग कालचा धरून काय उपयोग,” काका म्हणाले. त्यांनी आजचा आकडा पेपरच्या कोपऱ्यात टिपून घेतला, माझ्याच, अजून न उघडलेल्या पेपरच्या, आणि तो काखेत मारून निघून गेले.