लाल भिंत नकोच

तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यावर, म्हणजे निजाम आणि जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दिलेल्या लढ्यावर, संग्रहालयात दालन करायचं म्हटलं की बेत ठरलेला असतो: लाल भिंती, काळं छत, मधोमध बंदूकधाऱ्याचा पुतळा. याला सरळ विरोध आहे. लाल भिंतीवरून परतणारा उजेड जुन्या पत्रकांना गुलाबी करतो आणि खरा लाल बावटा तिच्यात बुडून जातो. भिंत फिकट राखाडी ठेवा, लाल रंग बावट्यालाच राहू द्या. त्यावर 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. जुने लाल रंग बहुतेक कच्चे. एकदा विटले की संपलं.

सुरुवात बंदुकीने नको, वेट्टीने, म्हणजे वेठबिगारीने करा. आपल्याकडे आखाजीला सालदार ठरतो, सालाची बोली होते. वेट्टीत बोलीच नव्हती, देशमुखाच्या गढीवर फुकट राबायचं. जळगाव-धुळ्याच्या माणसाला हे एका ओळीत कळतं. ‘सरंजामी शोषण’ असा मथळा दिला तर तो पुढे निघून जातो. मग 4 जुलै 1946, कडवेंडी गाव, लढ्यातले पहिले हुतात्मा मानले जाणारे दोड्डी कोमरय्या यांच्यावर झालेला गोळीबार. शेजारी गावकऱ्यांचं हत्यार, गोफण. ज्वारीवरची पाखरं हाकलायची तीच! खिळ्याला टांगू नका, दगड ठेवायची विणलेली जागा वजनाने उसवते. कापड लावलेल्या पाटावर आडवी ठेवा, म्हणजे बोटात अडकवायचा फासाही दिसतो.

दालनात कूलर तर मुळीच नको. मे महिन्यातल्या कोरड्या कागदावर ओलसर हवा आली की तो वाकतो, आणि ठासणीच्या बंदुकीची नळी गंजते. दिवसा एसी, रात्री बंद, हेही वाईटच. त्यापेक्षा घट्ट बंद होणारी पेटी आणि आत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे; रंग बदलला की तापवून परत भरायचं. पेटी साध्या प्लायवूडची नको, त्यातल्या आम्लाच्या वाफेने कागद पिवळा पडतो. पावडर कोटिंग केलेलं लोखंड बरं. फलकांना फ्लेक्स वापरला तर उन्हाळ्यात झोळ येतो. एसीपी शीटवर (दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला कडक फलक) मॅट छपाई करा, एका फलकावर 80च्या आत शब्द. ओळींत अंतर जरा जास्तच ठेवा, नाहीतर उकार खालच्या वेलांटीत घुसतात.

बहुतेक आराखडे 17 सप्टेंबर 1948ला आटपतात. निजाम शरण आला, फोटो, बाहेरचा दरवाजा. लढा मात्र 21 ऑक्टोबर 1951ला मागे घेतला गेला. मधली तीन वर्षं समोर भारतीय फौज होती, आणि लढायचं की थांबायचं यावर कम्युनिस्ट पक्षातच वाद होता. त्या काळाला वेगळी खोली द्या, पहिलीएवढीच मोठी. तिथे दिवे मंद करायचा मोह होतो, पण वाचायला सगळ्यात जास्त तिथेच आहे. आणि पाठीचं एक बाक ठेवा.