‘सुलतान्स ऑफ स्विंग’चा सोलो जरा बाजूला ठेवा

गिटार शिकणारी पोरं कधी ना कधी डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या या गाण्याच्या शेवटच्या सुसाट सोलोवर, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यावर, येऊन आदळतातच. यूट्यूबवर तेवढ्या काही सेकंदांचे ढिगाने धडे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की या नादात आख्खं गाणं ऐकायचं राहून जातं.

गाणं आहे कुणावर? पावसाळी रात्र, लंडनमध्ये नदीच्या दक्षिणेला एक पब, आत मोजकी डोकी आणि जुन्या वळणाचं जॅझ वाजवणारा हौशी बँड. गिटारवाल्या जॉर्जला सगळे कॉर्ड्स (एकत्र छेडलेले सूर) येतात, पण तो निव्वळ ऱ्हिदम, म्हणजे मागची साथ, धरतो. गिटारला रडवायची त्याला हौस नाही. हॅरी दिवसा नोकरी करतो. नाव झालं नाही म्हणून त्याचं काही अडत नाही, शुक्रवारी रात्री वाजवायला मिळालं की झालं. कोपऱ्यात ढगळ पँटी आणि जाड तळाचे बूट घातलेली टवाळ पोरं पिऊन तर्र, त्यांना ट्रम्पेटशी काही देणंघेणं नाही. हे गाणं लिहिणाऱ्या, डायर स्ट्रेट्सच्या गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लरने असा बँड खरंच ऐकला होता. वाजवणं यथातथा, ऐकायला जवळजवळ कुणी नाही, आणि नाव काय, तर सुलतान!

तरी गाण्यात कुचेष्टा नाही. कशी असेल? हा नॉफ्लर बाबा स्वतः आधी लीड्सला बातमीदार, मग एसेक्समधल्या लॉटन कॉलेजात मास्तर. धाकटा भाऊ डेव्हिड सोशल वर्कर. त्यांच्या बँडचं ‘डायर स्ट्रेट्स’ हे नावसुद्धा कडकीवरून पडलेलं. 1977 साली त्यांनी पदरमोड करून एक डेमो टेप केली आणि रेडिओ लंडनच्या चार्ली जिलेटला नेऊन दिली, ती सल्ला विचारायला. त्याने सल्ला राहू दिला आणि गाणं सरळ कार्यक्रमात लावलं. मग रेकॉर्ड कंपनी मिळाली, मे 1978 मध्ये सिंगल आलं आणि ब्रिटनमध्ये कुणी ढुंकून पाहिलं नाही. पंक आणि डिस्कोचे दिवस होते ते. पुढच्या वर्षी तेच गाणं अमेरिकेत चौथ्या नंबरवर गेलं, ब्रिटनमध्ये आठव्या.

आता वाजवणं. नॉफ्लरने हे गाणं आधी धातूच्या नॅशनल स्टील गिटारवर बांधलं होतं आणि त्यालाच ते मिळमिळीत वाटत होतं. स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार हातात आली आणि गाण्यात जान आली. तारा छेडायची पट्टी (पिक) नाही, नुसती बोटं. डी मायनरवरून पायरी पायरीने ए पर्यंत उतरणारे कॉर्ड्स, आणि गायलेल्या ओळीमागून गिटारचं छोटंसं उत्तर. गवयाची ओळ संपली की पेटीवाला तेवढ्या जागेत बोलून घेतो आणि पुढच्या ओळीला वाट करून देतो ना, अगदी तसं. माझ्या मते खरी कमाई या उत्तरांत आहे, सोलो नंतरचा. आणि बँडचा ड्रमर पिक विदर्स, त्याचे ड्रम्स किती कोरडे, किती मोजके! त्या छोट्या पबात मावतील एवढेच.

‘अल्केमी’ या त्यांच्या लाइव्ह अल्बममधली 1983 ची लाइव्ह आवृत्ती थोर मानणारे बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाजवलंय अफाट, वादच नाही. पण दहा मिनिटांच्या वर ताणलेलं गाणं, ड्रम्सचा दणदणाट आणि खच्चून भरलेलं लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन थिएटर. त्यात हॅरीचा रिकामा पब शोधायचा कुठे?

1988 चा लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरचा प्रयोग मात्र मी माफ करतो. मंडेलांच्या सत्तरीचा कार्यक्रम, समोर अथांग गर्दी आणि नॉफ्लरच्या शेजारी दुसऱ्या गिटारवर साथीला चक्क सोलोंसाठी गाजलेला एरिक क्लॅप्टन. म्हणजे जॉर्जची जागा क्लॅप्टनला!