मुलुखमैदानाच्या तोंडी

अखंड आणि खणखणीत बोलणाऱ्या माणसाला ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणण्याची प्रथा मराठीत ज्या कोणी पाडली, त्याने मूळ तोफ कधी पाहिली नसावी, अशी माझी गेल्या मे महिन्यात विजापूरला खात्री झाली. खरी तोफ एकदा उडाली की तिला निवू द्यावे लागते, आतून पुसावे लागते, पुन्हा दारू ठासावी लागते. आमच्या मामांना यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. आमच्या घराण्यात ही पदवी त्यांना बिनविरोध मिळालेली असून, मूळ तोफ डोळ्यांनी पाहावी अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली त्या रविवारी घरातल्या इतर सर्वांना अचानक कामे निघाली. राहिलो मी आणि माझी गाडी.

सोलापूर ते विजापूर हे अंतर नकाशावर शंभर किलोमीटर भरते, पण मामा शेजारच्या आसनावर असल्यास ते मोजण्याचे एकक बदलते. पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. शहराच्या पश्चिम तटावरील शेरझा बुरुजाच्या पायऱ्या चढताना मामांना धाप लागेल, ही माझी एकमेव आशा होती. धाप लागली ती मला.

तोफ मात्र पाहण्यासारखी आहे, यात वाद नाही. सुमारे साडेचार मीटर लांब, पंचावन्न टन वजनाची म्हणून सांगितली जाणारी, काळसर हिरव्या झळाळीची ही ओतीव चीज तिच्या तांबे-कथलाच्या मिश्र धातूमुळे हलक्या टिचकीलाही घंटेसारखी वाजते, असे म्हणतात. तोंडाशी सिंहाचा आ वासलेला जबडा कोरला असून त्याच्या दातांत हत्ती सापडला आहे. त्या हत्तीच्या चेहऱ्यावरचा भाव मला फार ओळखीचा वाटला, कारण आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर तो मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

“ही नगरला ओतली, 1549 साली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी,” मामांनी प्रारंभ केला. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये विजापूरला आणली गेली, हे सांगता सांगता त्यांचा गळा दाटून आला. कारण मामांचा जन्म नगरचा, नोकरीतली बदली परांड्याची आणि निवृत्ती सोलापूरची. तोफेला ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले म्हणतात, तर मामांच्या बदलीला एक टेम्पो पुरला होता, आणि हा अन्याय त्यांनी आम्हाला घेऊन हिंडणाऱ्या वाटाड्याला सविस्तर समजावून सांगितला. वाटाड्याने सुरुवातीला दोनदा तोंड उघडून पाहिले. नंतर तो सावलीत जाऊन बसला.

तोफेवर औरंगजेबाने कोरवलेला फारसी लेखही आहे. आदिलशाहीचा शेवट करणारा वेढा 1685 मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात शहर पडले. त्या विजयाचे साल बादशहाने ‘मुलुखमैदान जिंकले’ अशा अर्थाच्या शब्दांत गुंफून घेतले. म्हणजे शहर घेतले यापेक्षा तोफ गप्प केली, याचा त्याला अधिक आनंद झाला असावा. मला त्या बादशहाविषयी इतकी आपुलकी पूर्वी कधीही वाटली नव्हती. मामांना फारसी येत नाही, तरीही त्यांनी तो लेख ओळीने वाचून दाखवला.

बत्ती दिल्यावर गोलंदाज कानठळ्या बसू नयेत म्हणून पाण्यात बुडी मारत असे, ही कथा वाटाड्याने सावलीतूनच सांगितली. मी पाणी शोधले. माझ्याजवळ अर्धी बाटली होती.

तोफेला हात लावून मनातल्या मनात काही मागितले तर ते मिळते, अशीही एक समजूत आहे. मी हात लावला. काय मागितले ते सांगायला नको.

आणि चमत्कार घडला. निघताना वाटाडा सहज म्हणाला, “साहेब, 1854 मध्ये सरकारने हिचा लिलाव काढला होता. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपये. एवढ्यात विकायची नाही म्हणून राहिली.” मामा थांबले. “दीडशे?” एवढा एकच शब्द उच्चारून ते जे गप्प झाले, ते बुरूज उतरेपर्यंत, गाडीत बसेपर्यंत, शहराची वेस मागे पडेपर्यंत गप्पच होते. मी तोफेचे मनोमन आभार मानले आणि गाडीची काच वर केली.

“अरे बाळ,” मामा हळूच म्हणाले, “पंचावन्न टन म्हणजे किलो किती?”

“पंचावन्न हजार, मामा,” मी बेसावधपणे उत्तरलो.

बत्ती मीच दिली होती. भीमेच्या पुलावर आलो तेव्हा ते तांब्याच्या मोडीच्या आजच्या भावापर्यंत पोहोचले होते. कथील अजून बाकी होते.