हवा शहराची की निवड आधीची?
‘नागपूरची हवा लागली की कुटुंब लहान होतं’ हा गावातून शहरात येणाऱ्यांवरच्या लेखातला निष्कर्ष घाईचा वाटतो. बुटीबोरी-हिंगण्याला, म्हणजे नागपूरजवळच्या कारखान्यांच्या भागात, कामाला येणारा अनेकदा आधीच जास्त शिकलेला, लग्न लांबवलेला असतो. गावच्या सरासरीशी त्याची तुलनाच चुकते. बायकांच्या आकड्यांत मोठी गफलत आहे. 2011 च्या जनगणनेत त्यांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न, म्हणजे येणं आणि पहिलं बाळंतपण लागोपाठ. आल्यानंतरची दोन-तीन वर्षंच धरली, की जननदर, म्हणजे बायकांमागे होणाऱ्या मुलांचं प्रमाण, उगाच फुगतो. नवरा इकडे किरायाच्या खोलीत, बायको गावी, तर उलटं: पाळणा लांबतो. त्यापेक्षा 45-49 वयाच्या, म्हणजे मुलं होण्याचं वय जवळपास सरलेल्या बायकांना झालेली एकूण मुलं मोजा, आणि लग्नाआधी आलेल्या व नंतर आलेल्या वेगळ्या काढा.