समुद्राच्या गावात पाणबुडी कशाला? : विशाखापट्टणमच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रिया वाचली. "समुद्राच्या गावावर लेख आणि समुद्राला चार ओळी! पाणबुडी आणि पडक्या विटा बघायला सोलापूरकरानं एवढ्या लांब कशाला जायचं? त्यापेक्षा कोकण काय वाईट? आणि अरकूचं खोरं कुठे गायब केलंत?" असा एकूण सूर. दिवाळीत नातवंडांना घेऊन निघायचं म्हणताय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी समुद्राचं. आपण तलावावर आणि उजनीवर वाढलेली माणसं, लाट दिसली की चपला हातात घेऊन पळत सुटतो. शहरासमोरच्या रामकृष्ण बीचवर मात्र ते करू नका. पाणी पटकन खोल होतं आणि परतणारी लाट पायाखालच्या वाळूसकट ओढते. माणसं बुडाल्याच्या बातम्या तिथे नव्या नाहीत. पावलं भिजवावीत, गाड्यावरची मुरी मिक्स्चर खावी (आपल्या भेळेची चुलत बहीण, लिंबू सढळ), आणि बाकडं धरावं. पोरांना पाण्यात सोडायचंच असेल तर ऋषिकोंड्याला न्या. त्या किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय) मानांकन मिळालं. तिथेही जीवरक्षक असतील तिथेच आणि आखून दिलेल्या भागातच उतरू द्या. एवढं सांगायला चार ओळी पुष्कळ झाल्या.

पाणबुडीवर मात्र मी मुद्दाम पान खर्च केलं, आणि पुन्हा करीन. पोहायचा किनारा कोकणातही मिळेल, पण खरी पाणबुडी वाळूवर ओढून आणून लोकांना आत सोडलंय, असं किती ठिकाणी बघायला मिळतं? 'कुरसुरा' सोव्हिएत बनावटीची, 1969 च्या डिसेंबरात आपल्या नौदलात आली, 2001 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी संग्रहालय म्हणून खुली झाली. लांबी एक्क्याण्णव मीटर. बाहेरून भलीमोठी वाटते, पण आत शिरलं की दोन माणसं एकमेकांना ओलांडताना पोट आत घेतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल भोकातून, आधी पाय, मग वाकून डोकं. (तुमच्या गुडघ्यांचं बघा, काकूंना बाहेरच बसवलंत तरी चालेल.) डोक्यावर नळ्या, दोन्ही बाजूंना चाकं, झडपा आणि काटे. टॉर्पेडोच्या अगदी शेजारी झोपायच्या फळ्या. आणि स्वयंपाकघर बघाच: आपल्याकडे देवघरालाही याहून जास्त जागा देतात, तिथे पाऊणशे माणसांचं रांधलं जायचं. माहिती द्यायला नौदलातून निवृत्त झालेली मंडळी असतात. त्यांना विचारा, म्हणजे पाणी किती जपून वापरायचे ते सांगतील. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरातल्या माणसाला ते लगेच पटतं.

बाहेर पडून रस्ता ओलांडला की टीयू-142 हे विमान. त्याचं काम समुद्रावर घिरट्या घालून शत्रूच्या पाणबुड्या हुडकायचं. म्हणजे अलीकडे शिकार, पलीकडे शिकारी. इंजिनं चार, पण प्रत्येकावर दोन पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. नातवंडांना मोजायला लावा. जवळच 1971 च्या युद्धाचं स्मारक आहे. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी याच बंदराच्या तोंडाशी बुडाली, त्यामुळे हे सगळं इथेच का, हे पोरांना वेगळं समजावावं लागत नाही.

आता 'पडक्या विटा'. भीमिलीच्या रस्त्यावर तोटलकोंडा नावाची टेकडी आहे. वर बौद्ध विहारांचे चौथरे, स्तूप आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी. खाली अख्खा समुद्र पसरलेला. उत्खननात सातवाहनांची आणि रोमन नाणी निघाली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन आला असाल, तर तिथलं संग्रहालय आठवा. सातवाहनांचाच काळ, रोमशी चाललेला तसाच व्यापार. सकाळी लवकर जा, सावली नावालाच आहे.

सिंहाचलमबद्दल "देवळात जाऊन मूर्ती दिसत नाही, हे लिहायची काय गरज होती?" असं विचारलंत. गरज होतीच. वराह लक्ष्मीनरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, मूळ रूपाचं दर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला. हे माहीत नसलेला माणूस रांगेत उभा राहून हिरमुसतो. माहीत असलेला चंदनातच देव बघतो.

अरकू आणि बोरा गुहा वगळल्या कारण लेख शहरावर होता. घाटातून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, तो वेगळा काढा. कोकणाला कोण नाही म्हणतंय? पण सोलापूरहून कोणार्क एक्स्प्रेसमध्ये बसलात की गाडी न बदलता विशाखापट्टणम. आणि भाषेची धास्ती तुम्ही घेऊ नका, सोलापूरच्या पूर्व भागात घर आहे तुमचं, तेलुगू कानावर रोजचीच.

एक मात्र ऐका: दिवाळी टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्या किनाऱ्यावर वादळांचे महिने. 2014 मध्ये 12 ऑक्टोबरला 'हुदहुद' याच शहरावर आदळलं होतं. नाताळच्या सुट्टीत जा, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आत परत याल. आणि सोमवार अरकूसाठी ठेवा, त्या दिवशी कुरसुरा बंद असते.