लेंग्याला भोकं किती?

बुधवारी रात्री 11:59 ला ऑनलाइन टोपॉलॉजी कोर्सची सातव्या आठवड्याची असाइनमेंट बंद झाली आणि सकाळी गुण आले. क्लाइन बॉटल म्हणजे आत-बाहेर असा भेद नसलेला बंद पृष्ठभाग; तिच्या पहिल्या होमॉलॉजी ग्रुपला, म्हणजे भोकांच्या हिशेबाला, शून्य! मी लिहिलं होतं ‘झेड बाय टू डायरेक्ट सम झेड’ (झेड म्हणजे पूर्णांक, झेड बाय टू म्हणजे दोनदा घेतलं की शून्य, डायरेक्ट सम म्हणजे दोन्हींची जोडी). यंत्राला हवं होतं ‘झेड डायरेक्ट सम झेड बाय टू’. मी भाजी-पोळी म्हणाले, त्याला पोळी-भाजी हवी होती. ताणा, दाबा, पिळा, फक्त फाडू नका, तरी वस्तू तीच असं ज्या विषयात घोकून घेतात, त्याचा तपासनीस अक्षरांचा क्रम बघतो.

उत्तर अंदाजपंचे नव्हतं. चौकोनाच्या समोरासमोरच्या कडा, एक जोडी उलटवून, चिकटवल्या की क्लाइन बॉटल होते. त्यात कर्ण मारला की दोन त्रिकोण आणि अ, ब, क या तीन कडा मिळतात. कोपरे चिकटून एकच बिंदू उरतो, म्हणून प्रत्येक कडेची सीमा शून्य. त्रिकोणांच्या सीमा अ + ब − क आणि अ − ब + क. त्या शून्य धरून बेरीज केली की 2अ = 0, तिथून तो बाय टू येतो. क = अ + ब, म्हणून क बाद; ब मोकळा राहतो, तो झेड. लोक चुकतात ते कडा कुठल्या दिशेनं चिकटवायच्या हे दाखवणाऱ्या बाणात. एक बाण उलटवायचा राहिला की दोन्ही सीमा सारख्या येतात आणि हातात टोरस, म्हणजे मेदूवड्याचा पृष्ठभाग, पडतो. मी तेही केलं नव्हतं. हाच बाय टू 1895 मध्ये प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाच्या हिशेबातून निसटला होता. हेगार्ड या डॅनिश गणितज्ञानं चुकीवर बोट ठेवल्यावर प्वांकारेनं 1899 पासून आपल्या लेखाला पाच पुरवण्या लिहिल्या. त्याला 11:59 ची मुदत नव्हती.

अशा मनःस्थितीत शेजारचे काका वायफायचा पासवर्ड मागायला आले.

“भोकं मोजतेस होय? मग सांग, माझ्या लेंग्याला किती?”

“दोन.”

काकांनी खाली वाकून खात्री केली. “अगं, दोन पाय, एक कंबर. तीन!”

“दोन्ही पायांभोवतीचे वेढे मिळून कमरेचा वेढा होतो, काका. तो वेगळा धरत नाहीत.”

“म्हणजे कंबर फुकट?”

“हो.”

“हे आमच्या शिंप्याला सांग. आणि नाडी?”

“ती धरायची नाही. ओढली की निघते.”

“ओढून बघ चारचौघांत, मग कळेल धरायची की नाही!”

काका गेले, नेफा डोक्यात राहिला. नेफा म्हणजे कमरेवर शिवलेला टोरसच. चारी बाजूंनी बंद असता तर आतल्या पोकळीमुळे दुसरा होमॉलॉजी ग्रुप, जो पोकळ्या मोजतो, झेड आला असता. नाडीसाठी एक चीर दिली की तो जातो, पण नेफ्याला आडवा घातलेला वेढा काही सुटत नाही. दोन अधिक एक, तीन. नाडीची टोकं दोन वेगळ्या काजांतून काढली असतील तर चार.

मदतकक्षाला लिहिलं की दोन्ही उत्तरं आयसोमॉर्फिक, म्हणजे रचनेनं एकच, आहेत. उत्तर आलं, ‘कृपया दिलेल्या नमुन्यातच लिहावे.’ नमुना कुठेही दिलेला नाही. बारातल्या उत्तम आठ असाइनमेंट धरतात, हे खरं. पण उरलेल्या चार मी तापासर्दीसाठी राखून ठेवल्या होत्या, पोळी-भाजीसाठी नव्हे.

काकांचं तीन बरोबर होतं हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. पासवर्डही नाही.