मल्टीमीटर कपाटातच बरा

गाडीचं काम घरच्या घरी करायचं ठरवलंत ना? मग सगळ्यात आधी व्होल्ट-अँपिअर मोजणारा मल्टीमीटर उचला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्या, पोरांच्याच काय, तुमच्याही हाताला लागणार नाही असा. त्याने एकदा आकडा दाखवला की तुमच्या मताला कोण विचारतो?

सुरुवात फ्यूजपासून करा. सारखा उडतोय म्हणजे नाजूक आहे, दुसरं काय! लाल, १० अँपिअरचा काढा आणि हिरवा, ३० चा बसवा. खाचेत दोन्ही सारखेच बसतात, म्हणजे बनवणाऱ्याचीही मूक संमती आहेच. वायर मात्र तीच राहील, १० अँपिअरच्या बेताने निवडलेली. प्रवाह तिप्पट झाला की वायरीत उष्णता नऊपट होते, हे शाळेत शिकवलं तेव्हाही तुमचं लक्ष खिडकीबाहेर होतं. आता फ्यूज काही उडायचा नाही. त्याचं काम डॅशबोर्डामागचा वायरींचा जुडगा करेल. वास आला तर एसी लावा.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, बॅटरी चार्ज करतोय की नाही, अशी शंका आहे? इंजिन चालू ठेवा आणि बॅटरीची वायर उपटा. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर उत्तम! बॅटरी व्होल्टेजचे झटके गिळत असते. ती नसली की ते थेट इंजिनच्या संगणकाकडे जातात, पण त्याचं तो बघेल. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या आसपास, असे दोन आकडे बघूनही हेच कळतं. पण त्यात थरार कसला?

आता धूर आणि इंजिनचा पिवळा दिवा. दिव्यावर काळी टेप लावणं हा जुना, घराणेदार उपाय. तुम्ही सुधारलेले आहात, तुमच्याकडे गाडीच्या बिघाडांचे कोड वाचायचं यंत्र आहे. पी०४२० आला की लगेच मागचा ऑक्सिजन सेन्सर बदला. कोड म्हणतो, ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा डबा) नीट काम करत नाही’, आणि ही चहाडी ज्याने केली तो सेन्सर! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कन्व्हर्टरच्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ असा खालीवर नाचतो आणि मागचा शांत असावा लागतो. मागचाही त्याच तालावर नाचू लागला तर कन्व्हर्टरवर संशय घ्यावा, असं जाणकार म्हणतात. जाणकारांना मोजायची फार खोड.

हा कन्व्हर्टर गेला कसा, हे तर विचारूच नका. चार महिने एक सिलिंडर मिसफायर करत होता आणि तुम्ही स्टिरिओचा आवाज वाढवत होतात. तिथलं न जळलेलं पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत होतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळली, तिच्यावरचा प्लॅटिनम-पॅलेडियमचा मुलामा कामातून गेला. एका स्पार्क प्लगने भागलं असतं, पण प्लगकडे कन्व्हर्टरइतका रुबाब कुठला!

प्रदूषण तपासणीच्या सकाळी बॅटरी काढून लावा. दिवा विझेल. त्याबरोबर गाडीच्या सगळ्या स्वयंचाचण्याही कोऱ्या होतात आणि तपासणीचं यंत्र गाडीच्या संगणकाला जोडणार असेल, तर ते त्याला लगेच दिसतं. तेव्हा चेहरा निरागस ठेवा.

हे सगळं मी अनुभवाने सांगतोय. माझ्या गाडीचा ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा आणि हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा चढायचा. फुकट पेट्रोल म्हणून तो आठवडा आनंदात गेला. मग मी स्विच बदलला, बल्ब बदलले, मीटर बदललं, बॅटरीही बदलली. शेवटी वायरिंगवाल्या पोराला बोलावलं. त्याने माझी सगळी कहाणी ऐकली आणि मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी बॉडीला लावून दिवे लावायला सांगितले. पडद्यावर पावणेदोन व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य हवा होता म्हणे.

“काका,” तो मायनसची वायर बॉडीला जोडणाऱ्या गंजलेल्या बोल्टला पाना लावत म्हणाला, “याला अर्थच नाहीये.”

मला वाटलं, मी केलेल्या खर्चाबद्दल बोलतोय.